शाळेचे लोकऋण आणि विद्यार्थ्यांचे यश

खामगावचे नाव कापसाच्या बाजारपेठेमुळे दूरवर पोचले. १८७० साली जलंब स्थानकापासून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला, तो मुख्यतः कापसाच्या वाहतुकीसाठीच. या परिसरातील शेतकऱ्यास एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही. गाडीभर कापूस म्हणजे गाडीभर रुई नव्हे, हे तो जन्मापासून जाणतो. शंभर किलो कापसातून सुमारे ३३ ते ३५ किलो रुई निघते आणि उरलेला बहुतेक भाग सरकीचा असतो. सरकी टाकाऊ असते असे नाही. तिचे तेल निघते, पेंड गुरांच्या दावणीत पडते. परंतु रुईच्या भावाने सरकी विकता येत नाही. म्हणून जाणता व्यापारी गाडीची उंची पाहून भाव बोलत नाही. तो मूठभर कापूस हाती घेतो आणि त्याचा धागा ओढून पाहतो.

शाळेच्या वार्षिक अहवालाकडे पाहतानाही अशीच पारख हवी. खाजगी प्राथमिक शाळेच्या अहवालात सामान्यतः दोन प्रकरणे ठळकपणे आढळतात. पहिल्यात शाळेने केलेल्या समाजकार्याची यादी असते. वृक्षारोपण, स्वच्छता फेरी, पूरग्रस्तांसाठी निधी, राष्ट्रीय दिनाची प्रभातफेरी अशा नोंदी तीत येतात. दुसऱ्यात विद्यार्थ्यांच्या यशाची यादी असते. शिष्यवृत्ती कोणास मिळाली, चित्रकलेत किंवा वक्तृत्वात कोणी बक्षीस पटकावले, हे तेथे वाचावयास मिळते. दोन्ही याद्या प्रामाणिक असतात आणि त्यांमागे शिक्षकांचे श्रम असतात. तथापि या दोन याद्यांचा एकमेकींशी संबंध काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वास्तविक ती एकाच खात्याची दोन पाने आहेत. समाजाकडून शाळेस जे मिळते ते ऋण, आणि मुलाच्या हातून समाजाकडे जे परत जाते ती त्या ऋणाची फेड होय. ही फेड कशी ओळखावी व कशी नोंदवावी, हे समजून घेण्यासाठी महाराष्ट्रातील खाजगी शाळांचा जुना इतिहास उपयोगी पडतो.

लोकांसमोर झालेली परीक्षा

महाराष्ट्रात लोकांनी स्वतःच्या बळावर चालविलेल्या शाळांचा विचार करू लागले की जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळांपासूनच आरंभ करावा लागतो. १८४८ साली भिडे यांच्या वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. पुढे ३ जुलै १८५१ रोजी बुधवार पेठेत अण्णासाहेब चिपळूणकर यांच्या वाड्यात मुलींची शाळा उघडली, तेव्हा पहिल्या दिवशी केवळ ८ मुली आल्या. थोड्याच काळात ती संख्या ४८ झाली. त्याच वर्षी रास्ता पेठेत आणि १८५२ साली वेताळ पेठेत आणखी शाळा निघाल्या. या कामासाठी एक व्यवस्थापक मंडळ नेमण्यात आले होते. जागा एका गृहस्थाची, वर्गणी अनेकांची, शिकविण्याचे श्रम फुले दांपत्याचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे, असा तो व्यवहार होता. पुढे दक्षिणा निधीतून दरमहा ७५ रुपयांचे साहाय्यही मिळू लागले.

येथे शिक्षकाने एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. ज्या काळी मुलींना शिकविणे हेच अनेकांना पाप वाटत होते, त्या काळी या शाळांनी आपले काम वाड्याच्या भिंतीआड लपवून ठेवले नाही. १७ फेब्रुवारी १८५२ रोजी मुलींची जाहीर परीक्षा घेण्यात आली. १२ फेब्रुवारी १८५३ रोजी पूना कॉलेजच्या आवारात पुन्हा परीक्षा झाली. तेव्हा या शाळांच्या पटावर २३७ मुली होत्या आणि परीक्षा पाहण्यास तीन हजारांवर लोक जमले होते. त्यांत सहानुभूतीने आलेले होते, तसेच केवळ कुतूहलाने किंवा दोष काढावयास आलेलेही असणारच. मुली वाचतात, हिशेब करतात, विचारलेल्या प्रश्नास उत्तर देतात, हे त्या सर्वांनी प्रत्यक्ष पाहिले.

जाहीर परीक्षेचा अर्थ असा की, ज्यांच्या पैशावर आणि ज्यांच्या भरवशावर शाळा चालते त्यांच्यापुढे शाळेने हिशेब मांडावयाचा. हा हिशेब कागदावर न मांडता मुलींच्या मुखातून मांडला गेला. वर्गणीदाराच्या नावाचा फलक लावल्याने तो एक दिवस संतोष पावतो. आपल्या वर्गणीतून एक मूल वाचू लागले हे त्याच्या कानांवर पडले, तर पुढच्या वर्षी तो न मागता देतो.

बक्षीस आणि मागणी

या शाळांच्या बक्षीस समारंभाविषयी एक आठवण सांगितली जाते. बक्षीस घेताना एका लहान विद्यार्थिनीने खाऊ आणि खेळणी नकोत, शाळेला ग्रंथालय हवे, अशी मागणी केली. पाहुण्यांनी कौतुकाने पुढे केलेली वस्तू घेऊन नमस्कार करावा, एवढीच सामान्यतः मुलाकडून अपेक्षा असते. आपल्याला आणि आपल्या सोबतिणींना कशाची उणीव आहे हे ओळखून ती सभेत बोलून दाखविणे, ही त्यापुढची पायरी होय.

या पायरीचे लेखी प्रमाण १८५५ साली मिळाले. फुले यांच्या शाळेत सुमारे तीन वर्षे शिकलेल्या मुक्ता साळवे या मुलीने मांग व महार यांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि त्या वर्षी तो ‘ज्ञानोदय’ पत्रात दोन भागांत प्रसिद्ध झाला. आपल्या लोकांना जमिनीवरून कसे हुसकावून लावले, आपल्या स्त्रियांना प्रसूतीच्या वेळीही डोक्यावर छप्पर कसे नसते, ज्यांना वेद वाचण्याचा अधिकार नाही त्यांचा धर्म कोणता, असे प्रश्न तिने त्यात स्पष्ट शब्दांत विचारले. लेखाच्या ओघात तिने आपल्या बांधवांना विद्याभ्यास करण्याची कळकळीची विनंतीही केली. ज्या वस्तीस त्या वेळी सार्वजनिक पाणवठ्याला शिवता येत नव्हते, त्या वस्तीतील एका मुलीचा हा निबंध आज दीडशेहून अधिक वर्षांनंतरही वाचला जातो.

मुक्ता साळवे हिला त्या निबंधासाठी कोणते पारितोषिक मिळाले असते तरी निबंधाचे मोल त्यावरून ठरले नसते. तिने शाळेत मिळविलेली अक्षरे आपल्या वस्तीच्या दुःखासाठी वापरली. शाळेचे ऋण फिटले ते येथे. एखादी शाळा आपल्या विद्यार्थ्यांच्या यशाचे मोजमाप शोधीत असेल, तर तिने हे उदाहरण सदैव डोळ्यांपुढे ठेवावे.

शाळेने गावाला काय दिले, याही बाबतीत फुले दांपत्याचे उदाहरण पाहण्याजोगे आहे. १८५५ साली त्यांनी दिवसभर राबणाऱ्या शेतकऱ्या-कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा चालविली. १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुला केला. वर्गात समतेचा पाठ शिकवावयाचा आणि घरच्या पाण्यावर पहारा ठेवावयाचा, असा दुटप्पीपणा त्यांच्या ठायी नव्हता.

दूरचा पैसा आणि जवळची माणसे

या इतिहासात एक कटू धडाही आहे, आणि तो लपवून ठेवणे हिताचे नाही. या शाळांच्या वर्गणीचा मोठा भाग युरोपियन हितचिंतकांकडून येत असे. १८५७ च्या उठावानंतर तो ओघ आटला. सरकारी साहाय्यही कमी झाले, मंडळात मतभेद झाले आणि पुढील वर्ष-दीड वर्षात या शाळा चालविणे कठीण होऊन बसले. शिक्षकांची निष्ठा कमी पडली नव्हती, विद्यार्थिनींची बुद्धीही कमी पडली नव्हती. ज्या पायावर पैसा उभा होता तो पाय दुसऱ्यांच्या अंगणात होता.

खाजगी शाळेच्या चालकांनी हे विसरू नये. एखाद्या दूरच्या दात्याने इमारत बांधून दिली तर त्याचे आभार मानावेत. परंतु शाळेचा नित्याचा श्वास जवळच्या माणसांच्या आस्थेवर चालावा. असहकाराच्या काळात देशभर राष्ट्रीय शाळा निघाल्या. खामगावकरांच्या परिचयाची टिळक राष्ट्रीय शाळा याच परंपरेतील आहे. सरकारी मदतीकडे न पाहता लोकांच्या आधारावर शिक्षण चालवावयाचे, हा त्या परंपरेचा मूळ विचार होता.

१८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी हाच मुद्दा वेगळ्या बाजूने मांडला. सरकारी तिजोरी रयतेच्या श्रमातून भरते, परंतु शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना होतो, असे सांगून त्यांनी निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे आणि शिक्षकांना पुरेसे वेतन द्यावे, अशी मागणी केली. कोणतीही शाळा, ती सरकारी असो वा खाजगी, शेवटी कष्टकऱ्यांच्या घामावर उभी असते, हे त्यातील सूत्र आजही खरे आहे.

मुलाच्या दारापर्यंत गेलेली शाळा

लोकऋण फेडण्याची पहिली अट म्हणजे मूल शाळेत असणे. जे मूल शाळेतच येत नाही त्याच्या यशाची नोंद कोठे करावयाची? या प्रश्नास महाराष्ट्रात सर्वांत कसून उत्तर दिले ते ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी. १९२६ साली स्थापन झालेल्या नूतन बालशिक्षण संघाने १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या गावी ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. मुले केंद्रात येईनात, तेव्हा केंद्रच वस्तीच्या अंगणात गेले. अंगणात भरणारी म्हणून ती अंगणवाडी. महागडी साधने आणण्याऐवजी शिंपले, बिया, माती, काड्या यांतून शिक्षणसाधने तयार झाली. मुलांना आंघोळ घालणे, नखे कापणे हाही अभ्यासक्रमाचाच भाग ठरला. १९७५ साली केंद्र शासनाने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांसही अंगणवाडी हेच नाव मिळाले.

पुढे कोसबाडच्या टेकडीवर हे कार्य वारली मुलांमध्ये वाढले. तेथे आढळून आले की शाळा चुकविणारी पुष्कळ मुले आळशी नव्हेत. काही गुरे राखीत होती, काही धाकट्या भावंडांना सांभाळीत होती. तेव्हा गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणावरच शाळा भरविण्यात आली. तिला कुरणशाळा म्हणतात. भावंडे सांभाळणाऱ्यांसाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका ठिकाणी आणून विकासवाडी उभारली. मोठी बहीण वर्गात बसली आणि धाकटे मूल शेजारच्या खोलीत खेळले. गैरहजेरीचे कारण शोधल्यावर उपाय फारसा दूर नसतो, हे या प्रयोगाने दाखविले. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण व पुढे अनुताईंना पद्मश्री हे सन्मान लाभले.

वऱ्हाडात गुरांच्या जागी कापूस आहे. दिवाळीच्या आगेमागे सीतादही होऊन वेचणीस आरंभ झाला की अनेक वर्गांतील हजेरीपट विरळ होऊ लागतो. मोठी मुलगी आईसोबत वावरात जाते किंवा घरी तान्ह्याजवळ राहते. जानेवारीत ती परत येते, तेव्हा भागाकार शिकवून झालेला असतो. मग ती मागे बसू लागते आणि पुढच्या वर्षी येतच नाही. ज्या शाळेने आपल्या दोन हुशार विद्यार्थ्यांना बक्षिसे मिळवून दिली पण अशा चार मुली गमावल्या, तिच्या अहवालाची गाडी उंच दिसली तरी रुई किती निघाली हे तपासावे लागेल.

नोंद कशी ठेवावी

उपरोक्त विवेचनावरून गावातील शिक्षकास, मग तो खाजगी शाळेतील असो वा जिल्हा परिषदेच्या, काही व्यवहार्य गोष्टी करता येण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट, लोकवर्गणीची वही. रोख रक्कम, धान्य, वस्तू, श्रमदान आणि दिलेला वेळ या सर्वांची नोंद एकाच वहीत व एकाच मापाच्या अक्षरात व्हावी. व्यापाऱ्याने दिलेला पंखा आणि मजुराने एक दिवस भिंत लिंपून दिलेली मदत यांच्या ओळी शेजारी शेजारी याव्यात. वर्षातून एकदा ही वही गावासमोर मोठ्याने वाचावी. वर्गणी पूर्णपणे ऐच्छिक असावी. प्रवेशाच्या वेळी देणगी मागणे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने निषिद्ध आहे. शासकीय व अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समितीचे तीन चतुर्थांश सदस्य पालक व निम्मे सदस्य स्त्रिया असावेत, असेही तो कायदा सांगतो. जेथे असे बंधन नाही तेथेही पालकांपुढे वही उघडण्यास कोणाचा मज्जाव नाही.

दुसरी गोष्ट, समाजकार्याची मोजणी. किती रोपे लावली हे लिहिण्याऐवजी तीन वर्षांनी किती जगली हे लिहावे. किती फेऱ्या काढल्या यापेक्षा शाळेचे ग्रंथालय आठवड्यातून किती संध्याकाळी गावकऱ्यांसाठी उघडे राहिले, हे लिहावे.

तिसरी गोष्ट, जाहीर परीक्षा. ती निवडक मुलांची नसावी. पटावरील कोणत्याही मुलास पुढे बोलवावे आणि त्या दिवसाचे वृत्तपत्र वाचावयास द्यावे. बाजार समितीतून मिळालेली एखादी हिशेबपट्टी हाती द्यावी. माल किती क्विंटल, भाव काय, हमाली व तोलाई किती वजा झाली आणि हाती किती रुपये पडावयास हवेत, हे मुलाने सांगावे. चौथीच्या मुलीने आपल्या वडिलांची पट्टी बरोबर तपासली, तर तिच्या बुद्धीची साक्ष वेगळी काढावी लागणार नाही. घर आणि शाळा यांच्यामधला उंबरठा त्या दिवशी खाली येतो.

चौथी गोष्ट, यशाची तीन रकान्यांची नोंद. पहिल्या रकान्यात परीक्षा व स्पर्धांतील यश असावे. शिष्यवृत्ती परीक्षेची परंपरा महाराष्ट्रात १९५४-५५ पासूनची आहे आणि तिने खेड्यांतील अनेक मुलांना पुढची वाट दाखविली आहे, म्हणून या रकान्याचे महत्त्व कमी लेखू नये. दुसऱ्या रकान्यात प्रत्येक मूल वर्षारंभी कोठे होते आणि वर्षअखेर कोठे पोचले, हे लिहावे. जोडाक्षर न वाचणारा मुलगा गोष्ट वाचू लागला, ही नोंद येथे येईल. तिसऱ्या रकान्यात मुलाने शिकलेले घरी किंवा गावात कोठे वापरले, ते लिहावे. आजीला औषधाच्या वेळा वाचून दाखविणारी, गावाच्या अडचणीविषयी ग्रामपंचायतीस अर्ज लिहिणारी मुले या रकान्यात भेटतील. पहिला रकाना काही थोड्यांच्या नावांनी भरतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यांत मात्र पटावरील एकही नाव कोरे राहण्याचे कारण नाही.

पाचवी गोष्ट, वेचणीच्या दिवसांची पूर्वतयारी. गतवर्षीचा हजेरीपट काढून कोणती मुले कोणत्या आठवड्यापासून गळू लागली हे दसऱ्यापूर्वीच पाहून ठेवावे. त्यांच्या पालकांस कामावरून परतल्यावर भेटावे, सकाळी नव्हे. वस्तीवर संध्याकाळी तासभर अभ्यास घेता येईल का, धाकट्या भावंडांना अंगणवाडीत ठेवता येईल का, हे मातांशी बोलून ठरवावे. एवढे करूनही काही मुले चुकतील. ती परत येतील तेव्हा त्यांचा मागे पडलेला भाग शिकविण्यासाठी दोन आठवडे राखून ठेवावेत, आणि त्यांना शेवटच्या ओळीत बसवू नये.

या पाच गोष्टींना फारसा पैसा लागत नाही. एक वही, एक हजेरीपट आणि गावासमोर उभे राहण्याचे धैर्य लागते. पुण्यातील त्या पहिल्या शाळांजवळ यांहून अधिक साधने नव्हती. खामगाव परिसरातील एखाद्या शाळेने पुढील वर्षाच्या अहवालात बक्षिसांच्या यादीखाली एवढी एक ओळ लिहिली, की वेचणीस गेलेल्या सर्व मुली परत आल्या असून त्या आता भागाकार करतात, तर त्या ओळीचा धागा कोणीही ओढून पाहावा. तो तुटणार नाही.